बुवांचे पाय आणि माझा पंखा

“आहे,” बुवा म्हणाले.

मी फोर्क त्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर तसाच धरून ठेवला.

“आहे… आहे… कमी झालं… थांबलं.”

बरोबर. माझ्या बोटांनाही तो साधारण तेव्हाच थांबलेला जाणवला. उजवा अंगठा झाला, डावा झाला, दोन्ही घोटे झाले. बुवांचं उत्तर प्रत्येक वेळी चोख. इतकी नेमकी उत्तरं देणारे पेशंट फार क्वचित भेटतात. बहुतेक जण “थोडंसं वाटल्यासारखं वाटतंय बहुतेक” असं काहीतरी म्हणून आपल्यालाच कोड्यात टाकतात. एवढं असूनही माझं समाधान होत नव्हतं.

आधी हा फोर्क म्हणजे काय ते सांगते. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण ज्याला नादकाटा म्हणायचो, तोच हा. दोन लांब पाती आणि खाली दांडी. पात्यांवर टिचकी मारली की ती थरथरतात. कानाचे डॉक्टर वापरतात तो लहान असतो आणि खणखणीत वाजतो. आम्ही फिजिशियन वापरतो तो मोठा, जड आणि घुम्या. सेकंदाला एकशे अठ्ठावीस वेळा थरथरणारा. त्याची दांडी पायाच्या हाडावर टेकवायची आणि विचारायचं, थरथर जाणवते का? पायाकडून मेंदूकडे जाणाऱ्या तारा खराब व्हायला लागल्या की बहुतेक वेळा ही थरथरीची जाणीव सगळ्यांत आधी जाते. बिनविजेचं, बिनबॅटरीचं, कधीही न बिघडणारं यंत्र आहे. माझ्याकडचा फोर्क मी शिकत असताना घेतलेला, अजून तोच आहे.

खांबेटेबुवा नारायण पेठेत राहायचे. शास्त्रीय गाण्याचे शिक्षक. माडीवर क्लास, खाली घर. पासष्टी ओलांडलेली, अंगकाठी सडपातळ, स्वच्छ धोतर, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द वजन करून दिल्यासारखा. त्यांचा मुलगा अभिजित हिंजवडीच्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता आणि कोथरूडला, माझ्या क्लिनिकच्या शेजारच्या सोसायटीत राहायचा. तेव्हा हिंजवडीला एकामागून एक कंपन्या येत होत्या. आमच्या भागातल्या प्रत्येक सोसायटीतलं एक तरी पोर गळ्यात ओळखपत्र लटकवून सकाळी कंपनीच्या बससाठी कोपऱ्यावर उभं असायचं. आई-वडिलांचाही मेडिक्लेम कंपनीकडून मिळू लागला होता. त्यामुळे आई-वडिलांची ऑपरेशनंही पूर्वीपेक्षा तत्परतेने ठरू लागली होती.

बुवांचंही ठरलं होतं. येत्या सोमवारी, कमरेच्या मणक्याचं.

गेले सहा-आठ महिने त्यांच्या पायांना मुंग्या येत होत्या. चालताना तोल जायचा. जमिनीवर मांडी घालून शिकवायला बसले की उठवायला दोन शिष्य लागायचे. शेवटी त्यांनी क्लास माडीवरून खाली आणला आणि खुर्चीत बसून शिकवायला सुरुवात केली. घराण्याच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला खुर्चीवरून शिकवणं म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. एमआरआय काढला, त्यात कमरेच्या तीन मणक्यांमधल्या चकत्या सरकलेल्या दिसल्या. माझा वर्गमित्र अरविंद हा मणक्याचा सर्जन. त्याने ऑपरेशन सुचवलं आणि माझ्याकडे पाठवलं ते फक्त फिटनेससाठी. म्हणजे हृदय, फुप्फुसं, साखर, रक्तदाब तपासून ‘हा माणूस भूल सहन करू शकेल’ असं मी लिहून द्यायचं.

गुरुवारी सकाळी मी एरवी क्लिनिक उघडत नसे. गुरुवार हा पुण्यात वीज मंडळाचा वार. दुरुस्तीच्या नावाखाली सकाळपासून वीज गायब. पण ऑपरेशन सोमवारवर आलेलं, म्हणून अभिजितच्या आग्रहाखातर या तिघांना मी बोलावलं होतं. बुवा, काकू आणि अभिजित. खिडकी उघडून उजेडाची सोय केली होती. पंखा बंद, सोसायटीचा पाण्याचा पंप बंद, वरच्या मजल्यावरचा मिक्सर बंद. एरवी माझ्या क्लिनिकमध्ये स्टेथोस्कोप लावायचा म्हणजे जगाशी भांडण. त्या दिवशी सुई पडली असती तरी ऐकू आली असती.

हृदय उत्तम होतं. श्वास तर असा की मीच खजील झाले. सहज म्हणून विचारलं, “तोल नेमका कधी जातो?”

“तोंड धुताना,” बुवा म्हणाले. “साबण लावून डोळे मिटले की मी बेसिनवर जातो.”

“दोनदा कपाळ आपटून घेतलंय,” काकू म्हणाल्या. “आता मी मागे उभी असते. या वयात नवऱ्याचं तोंड धुणं बघत उभं राहायचं.”

इथे माझे कान टवकारले. कारण हे कमरेच्या मणक्याचं गाऱ्हाणं नव्हे. आपले पाय कुठे आहेत, जमीन कशी आहे, ही खबर पायांकडून मेंदूला सारखी जात असते. ती खबर जाणं बंद पडलं की डोळे पायांचं काम करतात. माणूस खाली बघून चालतो, कसंबसं भागवतो. डोळे मिटले की पितळ उघडं पडतं. तोंड धुताना पडणारा माणूस दिसला की फिजिशियनने सगळं सोडून पायांकडे वळावं, असं आम्हाला शिकवलेलं आहे.

म्हणून मी वळले. पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं, तर बुवा डुलायला लागले. अभिजितने धरलं. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय जरा जास्तच उडाला. कमरेत नस दबली असती तर तो उडायला नको होता. अंगठा हाताने वर-खाली करून विचारलं, “कुठे नेला?” कधी बरोबर सांगितलं, कधी चूक. आता वर आणि खाली एवढे दोनच पर्याय. निम्मी उत्तरं पोपटाचीही बरोबर येतील.

सगळं एका दिशेने बोट दाखवत होतं आणि मग फोर्क काढला, तर उत्तरं पैकीच्या पैकी. जी जाणीव सगळ्यांत आधी जायला हवी, तीच शाबूत. गणित जुळेना.

पेशंट डॉक्टरला खूश करायला “हो” म्हणतात, हे मला नवीन नव्हतं. पुण्यात तर फार. समोरचा डॉक्टर विचारतोय, नाही कसं म्हणायचं, म्हणून “हो हो, जाणवतंय की.” त्यावर आमची एक युक्ती असते. फोर्क पायाला लावायचा आणि पेशंटच्या नकळत पाती बोटांनी धरून थांबवायची. खोटं “हो” म्हणणारा इथे सापडतो, कारण थांबलेल्या फोर्कलाही तो “आहे” म्हणतो. मी बुवांना डोळे मिटायला सांगून ती युक्ती केली.

“थांबलं,” बुवा तत्क्षणी म्हणाले.

पुन्हा केली. “थांबलं.” न वाजवताच लावला. “काही नाही.” वाजवून लावला. “आहे.”

बुवा एकदाही फसले नाहीत. फाइलमध्येही अरविंदच्या रजिस्ट्रारने, म्हणजे त्याच्या हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरने, लिहिलेलं होतं, व्हायब्रेशन नॉर्मल. मी पेन उचललं.

“एक बोलू का, डॉक्टर?” बुवा डोळे मिटूनच म्हणाले. “तुमचा हा चिमटा जरा उतरलेला आहे.”

“म्हणजे?”

“पांढरी एकच्या जवळचा आहे, खालच्या सप्तकातला. पण पूर्ण नाही. किंचित खाली.”

हार्मोनियमवरच्या एका पांढऱ्या पट्टीला ही मंडळी पांढरी एक म्हणतात. मी हसले. म्हटलं, “बुवा, हा गाण्यासाठी नाही, हाडांसाठी आहे.”

“असेल. पण सुरात लावून ठेवावा माणसाने.”

पुण्यात आपल्या फोर्कलाही कोणी सोडत नाही, अशी मनाशी नोंद केली आणि लिहायला लागले. अभिजित घड्याळ बघत होता. त्याला साडेअकराचा कॉल होता. मी लिहिलं, व्हायब्रेशन. पुढचा शब्द लिहायचा, तेवढ्यात वीज आली.

वीज येते ती आमच्या इथे गाजावाजा करून येते. डोक्यावरचा पंखा कुरकुरत सुरू झाला, खाली पाण्याचा पंप घरघरला, वरच्या बाईंनी खोळंबलेला मिक्सर लावला. सगळे हुश्श झाले. मी म्हटलं, झालंच आहे तर डावा घोटा एकदा पुन्हा बघून घेऊ. त्या बाजूला मघाशी जरा घाई झाली होती. फोर्क वाजवला, घोट्यावर ठेवला.

“आहे?”

बुवा गप्प.

“बुवा, जाणवतंय का?”

“वाजवलात का?”

मी फोर्ककडे बघितलं. पाती थरथरत होती, माझ्या बोटांना झिणझिण्या येत होत्या. पुन्हा जोरात वाजवला, अंगठ्यावर ठेवला.

“नाही,” बुवा म्हणाले. आवाज जरा बदललेला होता. “काही नाही.”

मी अभिजितला म्हटलं, “पंखा बंद करा. आणि खिडकी लावा.” खिडकी लावली, पंप आणि मिक्सर जरा दूर गेले. फोर्क ठेवला.

“आता आहे. बारीक आहे, पण आहे.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वीज मंडळाचे आभार मानावेत असा आयुष्यातला तो एकमेव प्रसंग.

बुवांना थरथर जाणवत नव्हतीच. त्यांना फोर्क ऐकू येत होता. मोठ्या फोर्कचा आवाज इतका घुमा असतो की तो पायाशी वाजताना तुम्हाआम्हाला पत्ताही लागत नाही. पण बुवांनी उभी हयात तानपुऱ्याच्या चार तारांमधला फरक ऐकण्यात घालवली होती. त्यांना तो सूर ऐकू येत होता, विरताना कळत होता, पाती मी बोटांनी धरली की तुटलेला कळत होता. खोटं पकडायची आमची युक्ती त्यांच्यापुढे निकामी होती, कारण ते खोटं बोलतच नव्हते.

“बुवा,” मी विचारलं, “तुम्ही पायाने सांगत होता की कानाने?”

ते जरा विचारात पडले. “तुम्ही विचारलंत, आहे का. होता, म्हणून आहे म्हटलं.”

“पायाला काय वाटत होतं?”

“पायाला दांडी टेकलेली वाटत होती. गार.” मग म्हणाले, “सूर ऐकायला येत असताना पायाकडे कोण लक्ष देतं?”

मी त्यांना दोन्ही कानांत बोटं घालून डोळे मिटायला लावले. पंखा पुन्हा सुरू. आवाज देऊन उपयोग नव्हता, म्हणून ठरवलं की थरथर कळली की त्यांनी नुसती मान हलवायची. अंगठा, काही नाही. घोटा, काही नाही. नडगी, काही नाही. गुडघा, नाही. कंबरेच्या हाडावर आले तेव्हा बुवांनी एकदम मान हलवली. मनगटावर तर लगेच. दोन्ही पाय, कंबरेच्या खाली, फोर्कच्या लेखी मुके होते.

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. अभिजित म्हणाला, “मॅडम, म्हणजे हे मणक्यामुळेच ना? मग सर्जरीने बरं होईल.”

“मणक्याच्या हाडांमुळे नाही. आतल्या मज्जारज्जूच्या मागच्या तारा आहेत, त्या बिघडल्यात असं वाटतंय.” मग मी विचारलं, “बुवा, तुम्ही शाकाहारी. दूध किती घेता?”

उत्तर काकूंनी दिलं. “दूध? अहो, आमच्याकडे गळा असतो. दही नाही, ताक नाही, दूध नाही. दुधाने कफ होतो, दह्याने आवाज बसतो. चहा कोरा, ज्येष्ठमध घालून. लग्न झाल्यापासून बघतेय. घरात श्रीखंड केलं तरी यांच्या पानात साखर-तूप.”

“आणि ॲसिडिटी?”

“पहाटे उपाशीपोटी रियाज करतात. ती गोळी रोजची, कित्येक वर्षं.”

आता गणित जुळलं. बी-ट्वेल्व्ह नावाचं जीवनसत्त्व मांस-अंडी आणि दूध-दही यांतूनच मिळतं, भाजीपाल्यात ते नसतं. वायरवर जसं प्लॅस्टिक असतं तसं आपल्या नसांवर आवरण असतं, आणि ते शाबूत ठेवायला हे जीवनसत्त्व लागतं. मांसाहार नाही, त्यात दूध नाही, दही नाही, वर ॲसिडिटीची गोळी, जिच्यामुळे होतं नव्हतं तेही अंगी लागत नाही. गळा राखता राखता बुवांनी पाय घालवत आणले होते. आणि पाय गेलेत हे त्यांच्या कानाने कुणाला कळू दिलं नव्हतं.

मी रक्त तपासायला पाठवलं आणि अभिजितला सांगितलं, “सोमवारचं मी थांबवते आहे.”

त्याचा चेहरा उतरला. “मॅडम, मी पंधरा दिवसांची लीव्ह अप्लाय केलीय. क्लायंटला सांगून सगळं शिफ्ट केलंय. इन्शुरन्सचं अप्रूव्हल आलंय. तुम्हाला फक्त फिटनेस द्यायचा होता.”

“तोच देत नाहीये.”

“पण एमआरआयमध्ये दिसतंय ना!”

“तुमचा काढला तरी काहीतरी दिसेल. दिवसभर खुर्चीत बसता.”

मला त्याचा राग आला नाही. वडिलांसाठी धावपळ करणारा मुलगा होता. वडील डोळ्यांदेखत लुळे पडत चाललेत, काहीतरी तातडीने केलं पाहिजे, आणि हातात दाखवण्याजोगा फोटो फक्त एमआरआयचा. बुवा मात्र खिडकीबाहेर बघत होते. ते म्हणाले, “डॉक्टर, एवढंच सांगा. मी पुन्हा जमिनीवर बसून शिकवू शकेन का?”

“प्रयत्न करू,” मी म्हटलं. याहून जास्त बोलण्याजोगं माझ्याकडे काही नव्हतं.

दुपारी अरविंदला फोन लावला.

“सोमवारची खांबेटेंची केस थांबव.”

“का? हार्ट?”

“हार्ट तुझ्यापेक्षा बरं आहे. बी-ट्वेल्व्ह कमी असणार. व्हायब्रेशन कंबरेपर्यंत गेलंय.”

“माझ्या रजिस्ट्रारने नॉर्मल लिहिलंय.”

“तुझ्या त्या बंद काचांच्या केबिनमध्ये तपासलं असेल. त्यांना फोर्क ऐकू येतो.”

“कोणाला ऐकू येत नाही?”

“पायाशी धरलेला. तो पांढरी एकपेक्षा उतरलेला आहे हेसुद्धा कळतं त्यांना.”

मग म्हणाला, “तुझी तब्येत बरी आहे ना?”

मी सगळं सांगितलं. तो हट्टी आहे, पण मूर्ख नाही. म्हणाला, “ठीक, बी-ट्वेल्व्ह कमी असेल. पण चकत्याही सरकल्यात. सोमवारी सर्जरी करू, मंगळवारपासून तू इंजेक्शनं दे. बिघडलं कुठे?”

“भुलीला नायट्रस वापरता ना?”

नायट्रस ऑक्साइड म्हणजे हसवणारा वायू. तेव्हा भूल देताना सर्रास वापरत. तो शरीरातलं उरलंसुरलं बी-ट्वेल्व्ह निकामी करतो. तुम्हाआम्हाला त्याने काही होत नाही, कारण आपल्याकडे साठा असतो. ज्याचा डबा आधीच तळाला गेलाय, असा माणूस ऑपरेशनला चालत येतो आणि काही आठवड्यांत त्याचे पाय कायमचे जाऊ शकतात. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, आणि बुवांच्या बाबतीत मला ते पाहायचं नव्हतं.

अरविंदने हे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “रिपोर्ट कधी येतोय?”

“शनिवारी.”

“लिस्टवरून नाव काढतो. रिपोर्ट नॉर्मल आला तर मात्र तू जेवण द्यायचंस.”

फोन ठेवला आणि फाइलमधलं माझं अर्धवट वाक्य पुन्हा बघितलं. वीज एवढ्याशा फरकाने उशिरा आली असती तर माझ्या हातातलं पेन ‘नॉर्मल’ लिहून मोकळं झालं असतं, आणि बुवा सोमवारी आपल्या पायांनी त्या टेबलाकडे गेले असते.

शनिवारी रिपोर्ट आला. बी-ट्वेल्व्ह इतकं कमी की मशीनला आकडाच देता आला नाही, ‘मोजमापाच्या खाली’ एवढंच छापून आलं. रक्ताचं प्रमाण मात्र ठीक होतं, काकू त्यांना रोज पाजत त्या फॉलिक ॲसिडवाल्या टॉनिकची कृपा. त्या टॉनिकने चेहऱ्यावर लाली राहिली आणि आतल्या तारा मुकाट जळत राहिल्या. त्यामुळेच कोणाला शंका आली नसावी.

मी त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन दिलं. बुवांनी विचारलं, “पथ्य?”

“काही नाही. इंजेक्शन चुकवायचं नाही, आणि ॲसिडिटीची गोळी बंद करू. दह्याचा आग्रह नाही माझा.”

हे मी मुद्दाम सांगितलं. दही खा म्हटलं असतं तर त्यापेक्षा बुवा ऑपरेशनला तयार झाले असते. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा भाव आला आणि काकू म्हणाल्या, “बघा, पाय गेले तरी चालतील, पण गळ्याला धक्का नको.”

पहिले काही आठवडे वाईट गेले. तारा जाग्या व्हायला लागल्या की आधी मुंग्या वाढतात, पाय पेटल्यासारखे होतात. मी तसं बजावलं होतं, तरी अभिजितचा दर शुक्रवारी फोन. “मॅडम, स्टेटस काय?” जणू मी त्याची टीम होते. मी म्हणायचे, “स्टेटस असं आहे की नसा तुमच्या डेडलाइनवर चालत नाहीत.” एकदा मात्र तो नेहमीच्या आवाजात बोलला नाही. म्हणाला, “मॅडम, खरं सांगा, आपण चुकत तर नाही ना?” मलाही तोच प्रश्न रोज पडत होता. मी म्हटलं, “नाही.” आणि फोन ठेवून फाइल पुन्हा पहिल्यापासून वाचली.

मग एका सकाळी काकूंचा फोन आला. काही बोलायच्या आधी त्या हसत होत्या. “आज तोंड धुतलं. मी मागे उभी नव्हते. भाजी निवडत होते. आठवलं तेव्हा पळत गेले, तर हे टॉवेलने तोंड पुसतायत.”

साधारण सहा महिन्यांनी बुवा तपासणीला आले. हातात काठी होती, पण ती जिन्यापुरती, असं त्यांनी बसायच्या आधीच स्पष्ट केलं. मी पंखा लावला. त्यांनी न सांगता कानांत बोटं घातली, डोळे मिटले. मी फोर्क वाजवून गुडघ्यावर ठेवला. मान हलली. नडगीवर ठेवला. मान हलली. घोट्यावर ठेवला आणि थांबले. बराच वेळ काही नाही. मग बुवांची मान हळूच हलली, आणि त्यांनी बोटं कानांतून काढली. हे नियमाबाहेरचं होतं, पण मी बोलले नाही.

“आहे,” ते म्हणाले. “हा ऐकलेला नाही. हा वेगळा आहे.”

“कसा आहे?”

“तानपुरा मांडीला टेकून वाजवताना लाकडातून येतो ना, तसा. माझा कित्येक महिने बंद झाला होता. मला वाटलं, तानपुरा जुना झाला.”

अंगठ्यांवर मात्र शेवटपर्यंत काही परतलं नाही. तेवढ्या तारा जळाल्या त्या जळाल्या. ते मी त्यांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. कमरेच्या चकत्या आजही सरकलेल्या असतील. त्यांची कोणी तक्रार केली नाही. अरविंदने जेवण दिलं, आणि पुढे भुलीआधी त्याच्या रजिस्ट्रारच्या तपासणीत एक प्रश्न वाढला, दूध-दही घेता का.

जाताना बुवा दारात थांबले. मला वाटलं, आभार मानतील.

“चिमटा अजून उतरलेलाच आहे,” ते म्हणाले. “दुरुस्त करून घ्या.”

मी त्यांना समजावलं की तो एकशे अठ्ठावीसचाच असतो, जगभर तसाच बनवतात, तो बरोबर आहे. त्यांनी शांतपणे ऐकलं. “म्हणजे जगभर उतरलेला आहे,” म्हणाले आणि काठी न टेकता फाटकापर्यंत गेले. क्लास तेव्हा पुन्हा माडीवर गेला होता. उठायला अजून एक शिष्य लागत होता, खाली बसायला मात्र कोणी नाही.

विद्यार्थ्यांना शिकवताना सगळे सांगतात, नसांची तपासणी शांत खोलीत करावी. मीही तेच शिकले होते. आता माझ्या तपासणीच्या खोलीत पंखा बाराही महिने चालू असतो. डिसेंबरात पेशंट कुरकुरतात. त्यांच्यासाठी मी कपाटात एक शाल ठेवली आहे.